सुईदोरा : दोन्ही बाह्या एकाच ताग्यातल्या, मग रंग वेगळा कसा?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडच्या टेलरबायांना जेवायला पण टाइम राहत नाही, हे मला सांगायची गरज नाही. मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती की वेल्वेटचं काही अडलं असेल तर लिहा, तर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळी फॉल-पिको, पॅटर्न, बाकीचं सगळं बाजूला ठेवलंय. सुरत आपल्याला एका रात्रीच्या गाडीवर आहे, तिथून गठ्ठेच्या गठ्ठे येतात, जळगावच्या फुले मार्केटात गेलं की दुकानदार पहिलं वेल्वेटच फेकतो समोर, आणि घरी आणल्यावर मात्र ते कापड रडवतं. चला तर.

प्रश्न : ताई नमस्कार. मी घरीच ब्लाउज शिवते, आठ वर्षं झाली. गल्लीतल्या एका मुलीचा साखरपुड्याचा मरून वेल्वेटचा ब्लाउज शिवला, फिटिंग एक नंबर बसलं, पण हॉलमध्ये लाइटाखाली उभी राहिली तर एक बाही मरून आणि दुसरी चक्क फिकी, गुलाबीकडे झुकलेली. तिची आई सगळ्यांसमोर म्हणे तुम्ही दुसरं कापड लावलं, आमचं ठेवून घेतलं. ताई, देवाशपथ एकाच तुकड्यातलं होतं. माझं काय चुकलं?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, चोरी तुम्ही नाही केली, घडीने केली. पत्र वाचून मी तुमचं कटिंगच डोळ्यासमोर आणलं, कापड नेमकंच असणार, म्हणून तुम्ही कापडाचं खालचं टोक वर आणून आडवी घडी घातली आणि दोन्ही बाह्या एकदम कापल्या, बरोबर? रुबियाला, कॉटनला असं चालतं, आपण रोजच करतो. वेल्वेटला नाही चालत.

कारण सांगते. मखमल हा शब्दच मुळात अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलाय आणि त्याचा अर्थच लव असलेलं कापड. मिलमध्ये ती विणतात ती एकावर एक अशी दोन कापडं एकदम विणतात, मध्ये उभे धागे दोघांना धरून असतात, आणि मग मधोमध सुरी फिरते आणि दोन मखमली सुट्या होतात. ते कापलेले धागे म्हणजे आपली लव. नंतर ब्रश मारून, दाबून तिला एका बाजूला झोपवतात. म्हणजे गाईच्या अंगावरचे केस कसे मानेकडून शेपटीकडे झोपलेले असतात तसं. हात सुलटा फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर अडतो. आणि उजेड त्या लवेच्या अंगावर पडला तर ती चमकते, फिकी दिसते, आणि तिच्या टोकांमधून आत शिरला तर रंग गडद आणि खोल दिसतो. तुमच्या आडव्या घडीत वरच्या थराची लव खाली होती आणि खालच्याची वर. एक बाही उजेडाला पाठ करून बसली, एक तोंड करून. बास, एवढंच झालं.

माझं पण झालंय, लाजायचं काही नाही. लग्नाला दुसरं वर्ष, नणंदेचा बॉटल ग्रीन ब्लाउज, मी पुढचे भाग एका दिशेने आणि पाठ उरलेल्या तुकड्यातून उलटी काढली. मला स्वतःला दिवसभर कळलं नाही, आमच्या घरात दिवसा पण अंधारच. संध्याकाळी ओट्यावर सासूबाईंनी हातात घेतला आणि मोठ्ठ्याने म्हणाल्या, "व माय, हाई ते दोन रंगनं व्हई गयं!" सगळी गल्ली हसली. नणंदेने पदर पाठीवरून ओढून घेऊन अख्खं लग्न काढलं बिचारीने.

सासरे मात्र अमळनेरच्या प्रताप कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यांनी काही न बोलता कापड गालाला लावलं आणि म्हणाले हे इकडे झोपतं. तेव्हापासून मी पण गालालाच लावते. बारीक लवेच्या मायक्रो वेल्वेटवर शिलाईच्या कामाने घट्टे पडलेल्या बोटांना दिशा कळत नाही, गालाला लगेच कळते. कस्टमर समोर असेल तर थोडं विचित्र दिसतं, दिसू द्या.

आता करायचं काय, तर कापड घरी आल्याबरोबर उलट्या बाजूला खडूने बाण काढायचे, एक नाही, वीतभर अंतरावर पाच-सहा, म्हणजे तुकडा कितीही लहान झाला तरी त्याच्यावर बाण असेल. मग ठरवायचं की लव झोपायची दिशा अंगावर वर ठेवायची का खाली. वर ठेवली तर रंग गडद आणि श्रीमंत दिसतो, लग्नाच्या ब्लाउजला मी वरच ठेवते. खाली ठेवली तर थोडा फिका दिसतो पण घासलं जाऊन लवकर खराब होत नाही, म्हणून रोज वापरायच्या जॅकेटला, लहान पोरांच्या कपड्यांना खाली बरी. दोन्ही बरोबर आहे, मिसळलं की चूक. पुढचा भाग, पाठ, बाही, पट्टी, कॉलर, सगळ्याचे बाण एकाच दिशेला. आडवी घडी कधीच नाही, उभी घडी चालते, ती पण लव बाहेर आणि पाठ आत ठेवून, कारण लवेवर लव आली की कात्री लावताना खालचा थर सरकतो. मी तर आता घडीच घालत नाही, एकेरी कापते. फक्त एकेरी कापताना दुसऱ्या बाहीला पेपर पलटी करायला विसरू नका, नाहीतर दोन उजव्या बाह्या होतील आणि मग मला पुन्हा पत्र लिहाल.

कापड जास्त लागणार हे आधीच सांगून ठेवायचं. ४४ इंच पन्ह्यात जिथे ८० सेंटिमीटरात भागतं तिथे वेल्वेट १ मीटर सांगा, लांब बाही असेल तर त्याच्यापण वर. घागऱ्याचं तर विचारूच नका, कळ्या कापताना आपण एक सुलटी एक उलटी लावून कापड वाचवतो ना, ते वेल्वेटमध्ये केलं की घागऱ्यावर एक कळी गडद एक फिकी असे पट्टे पडतात. सगळ्या कळ्यांचा घेर एकाच बाजूला ठेवावा लागतो, मधले त्रिकोण वाया जातात, त्याचे बटवे शिवा, पोटल्या शिवा, पण कळी उलटी लावू नका.

आणि झालेल्या ब्लाउजचं काय, तर बाही उलटी लावून दिशा बदलता येत नाही, मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे बसते त्या भागाचा, आकारच तसा असतो. त्याच दुकानातून त्याच ताग्याचं पाव-अर्धा मीटर मिळालं तर दोन्ही बाह्या नवीन लावा, एकच लावू नका, कारण ताग्याताग्यात पण शेड फरक येतो. नाही मिळालं तर दोन्ही बाह्या काढून नेटच्या किंवा ब्रोकेडच्या लावा, आजकाल तीच फॅशन आहे, मुद्दाम केलं म्हणून खपून जाईल. आणि त्या मुलीच्या आईला उरलेला एक तुकडा घेऊन भेटा, तिच्या हाताने गोल फिरवायला सांगा उजेडात. रंग बदलताना तिला स्वतःला दिसेल. दहा मिनिटांचं काम आहे, पण गल्लीत नाव परत मिळेल.

प्रश्न : वेल्वेटची शिलाई मारताना वरचा कपडा आपोआप पुढे पुढे जातो आणि शेवटी पाऊण इंच उरतो, कितीही टाचण्या लावल्या तरी. मशीन खराब आहे का? पायाचं काळं मशीन आहे, सासूबाईंच्या लग्नातलं.
– एक वाचक, पारोळा

उत्तर : मशीनला नावं ठेवू नका, ती काळी मशीनं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकणार आहेत. होतं काय की लवेवर लव ठेवली की दोन ब्रश एकमेकांवर ठेवल्यासारखं होतं, एकमेकांना ढकलतात. खालून मशीनचे दाते खालचा थर ओढतात, वरून बूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वरच्याला पुढे लोटतो, आणि मधल्या लवेला धरच नाही. टाचणी तर टोचलेल्या जागेपुरती धरते, दोन टाचण्यांच्या मध्ये कापड फुगून सरकतं. वर टाचणीचे डाग पडतात ते वेगळेच.

ह्याला औषध एकच, हाताने कच्ची शिलाई. मला माहितीये हे वाचून निम्म्या जणी पान उलटणार. पण मी क्लासमध्ये इतकी वर्षं एकच गोष्ट ओरडून सांगत आले की वेल्वेट हाताने शिवून होतं, मशीन फक्त त्याच्यावरून फिरवायचं असतं. धावदोरा दोन ओळींमध्ये घालायचा, एक शिलाईच्या रेषेच्या जरा आत आणि एक मार्जिनमध्ये, आणि दर दोन-तीन इंचांवर एक उलटा टाका म्हणजे दोरा पण सरकणार नाही. दोरा रेशमी घेतला तर सगळ्यात बरं, लवेवर खूण राहत नाही. आणि नंतर तो एका झटक्यात ओढून काढायचा नाही, लव उपटून येते, जागोजाग कापून छोटे छोटे तुकडे काढायचे. टाचणी लावायचीच असेल तर बारीक, आणि फक्त मार्जिनमध्ये.

मग मशीनवर या. तुमच्या काळ्या मशीनच्या डोक्यावर, बुटाच्या दांड्याच्या अगदी वर, एक गोल स्क्रू असतो, तो बुटाचा दाब कमीजास्त करतो. बऱ्याच जणींनी आयुष्यात त्याला हात लावलेला नसतो. तो दोन-तीन आटे ढिला करा. टाका मोठा ठेवा, इंचाला ८-९ टाके, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. वरच्या दोऱ्याचं टेन्शन जरा ढिलं. सुई बारीक वेल्वेटला ११ नंबर, नेहमीच्या जाडीला १४, आणि नवीन घाला हो, बोथट सुई लव आत ओढते. शिलाई लव झोपते त्या दिशेने मारायची, म्हणजे लव वर ठेवलेल्या ब्लाउजला खालून वर, आणि दोन्ही बाजू एकाच दिशेने, एक वरून एक खालून नाही. हळू चालवा, मधेमधे थांबून सुई कापडातच ठेवून बूट उचला, कापडाला श्वास घेऊ द्या, परत बूट टाका. मोटार लावली असेल तर ह्या कामापुरता मोटारीचा पट्टा काढा आणि पायाने चालवा.

काही जणी दोन थरांच्या मध्ये कागदाची पट्टी घालून शिवतात आणि नंतर फाडून काढतात, चालतं ते, बटर पेपर घ्या. पेपरची रद्दी घेऊ नका, शाई लागते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या क्रीम कलरच्या वेल्वेटवर आतून बाजारभाव छापून आले होते, कापूस, तूर, हरभरा, सगळे. झिगझॅग मशीन असेल तर वॉकिंग फूट नावाचा बूट मिळतो, तो वरूनपण कापड ओढतो, मोठ्या सरळ शिलाईला छान. पण मुंढ्याला आणि गळ्याला तो असला तरी कच्ची शिलाई सोडू नका.

एक राहिलं. उसवायची वेळ आली की सुईची भोकं दिसतात, कॉटनसारखी जात नाहीत. म्हणून फिटिंग कच्च्या शिलाईवरच करून घ्या, कस्टमरला एकदा जास्त बोलवावं लागलं तरी बोलवा.

प्रश्न : इस्त्रीचा चकचकीत डाग पडलाय, समोर छातीवरच. उद्या ब्लाउज द्यायचा आहे!!
– धुळ्याहून

उत्तर : तुमचा उद्या तर कधीच होऊन गेला असेल, सॉरी, अंक महिन्याचा आहे. पण बाकीच्यांसाठी लिहिते.

दोन प्रकार असतात. लव नुसती दबली असेल तर ती उठते. उलट्या बाजूने चार-सहा इंच लांबून वाफ द्यायची, स्टीमर असेल तर स्टीमरने, नाहीतर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरून, हात सांभाळून, आणि ओलसर असतानाच मऊ टूथब्रशने लवेच्या उलट्या दिशेने हलकं हलकं उठवायचं, मग शेवटी सुलट्या दिशेने एकदा. दोन-तीन वेळा करावं लागतं. पाणी शिंपडू नका, रेयॉनच्या वेल्वेटवर थेंबाचे डाग उठतात ते आणखी वाईट. दुसरा प्रकार म्हणजे लव वितळली. आपल्याकडे मिळतं त्यातलं बहुतेक वेल्वेट पॉलिस्टरचं, गरम इस्त्री टेकली की लवेची टोकं वितळून प्लास्टिकसारखी चिकटतात, हाताला कडक लागतं. ते परत येत नाही. तिथे आरी वर्कचा बुट्टा किंवा पॅच बसवा आणि समोरच्या दुसऱ्या बाजूला पण तसाच बसवा, आणि ब्लाउज देताना खरं काय ते सांगून टाका.

इस्त्री वेल्वेटवर टेकवायचीच नसते मुळी. उरलेला वेल्वेटचा एक मोठा तुकडा टेबलावर लव वर करून पसरायचा, त्याच्यावर कपडा लव खाली करून ठेवायचा, लवेत लव बसते, आणि इस्त्री वरून अर्धा इंच अधांतरी धरून नुसती वाफ सोडायची. शिलाई बोटाने उघडायची, इस्त्रीच्या टोकाने नाही. तुकडा नसेल तर जाड टर्किश टॉवेल. परदेशात ह्याच्यासाठी बारीक तारांचा बोर्ड मिळतो, आपलं टॉवेलवर भागतं. सुरतेच्या गठ्ठ्यात घडीच्या खुणा पडून आलेलं कापड असेल तर बाथरूममध्ये हँगरला लावा, गरम पाण्याची बादली ठेवा, दार लावून पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या, निम्म्या खुणा अशाच जातात.

प्रश्न : ताई, मी टेलर नाही, मंडप-डेकोरेशनचं काम आहे. सारंगखेड्याच्या यात्रेला आमची घोडी न्यायची आहे, तिच्यासाठी मखमलीची झूल घरीच शिवायची म्हणतोय. आईला ब्लाउज शिवता येतो. कापड कोणतं घेऊ, आणि रेडीमेड झुली एका सीझनमध्ये का फाटतात?
– एक वाचक, शहादा

उत्तर : भाऊ, इतक्या वर्षांत घोडीच्या ब्लाउजचा प्रश्न पहिल्यांदाच आला, मजा आली. दत्तजयंतीला तापीकाठी तो घोडेबाजार भरतो तेव्हा खरं तर मी घोडे कमी आणि झुलीच जास्त बघते, कोणाची झालर कशी लावलीय, कुठे टाका सुटलाय.

फाटतात ते अशामुळे की बहुतेक झुली ब्लाउजच्या पातळ वेल्वेटच्या असतात आणि आत काहीच नसतं किंवा बारदानासारखं काहीतरी असतं. वर जरीची किनार, टिकल्या, घुंगरं, एवढं वजन पातळ कापडाला टांगलेलं, घोडी अंग झटकते, टाके कापड कापून बाहेर येतात. तुम्ही सोफ्याचं वेल्वेट घ्या, पडद्या-सोफ्याच्या दुकानात मिळतं, पाठ जाड असते, पन्हा पण मोठा ५४ इंचांच्या आसपास, म्हणजे पाठीवर जोड येणार नाही. आत मांजरपाट, धुऊन आटवून घेतलेलं.

पहिलं काम शिवणं नाही, रंग बघणं. पांढरा रुमाल ओला करून लाल मखमलीवर दोन मिनिटं दाबून घासा. रुमाल लाल झाला तर ते कापड घेऊ नका, घोडीला घाम येतो, पांढरी असेल तर यात्रेत गुलाबी घोडी घेऊन फिराल. कस्टमर बघायला येईल खरा, पण घेणार नाही.

लवेची दिशा तिच्या केसांसारखीच, मानेकडून शेपटीकडे. धूळ झटकली जाते, आणि लोक हात फिरवतातच तिथे, तो हात सुलटा फिरला पाहिजे. दोन्ही बाजू पाठीवरून एकाच अखंड कापडात घ्या, डावीउजवी वेगळी कापून कण्यावर जोडू नका, तिथेच घासतं आणि तिथेच उसवतं. मखमल जमिनीवर लव खाली करून पसरा, वर मांजरपाट, आणि आईंना सांगा मधोमधपासून कडेकडे तिरके मोठे टाके घालत या, दर चार बोटांवर एक ओळ. हे टाके न घालता शिवलं तर शेवटी आतलं कापड चार बोटं जास्त उरेल आणि झूल एका बाजूला ओढली जाईल. सुई १६ नंबर, दोरा जाड, टाका लांब. किनार दुमडू नका, जाड होऊन मशीन अडकेल, कडेने सॅटिनची किंवा कॉटनची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा. टिकल्या, घुंगरं जे काय लावायचं ते नुसत्या मखमलीवर आधी लावा आणि अस्तर नंतर, म्हणजे दोऱ्याच्या गाठी घोडीच्या अंगाला टोचणार नाहीत. जमलं तर मांजरपाटाच्या आतून अजून एक सुटं अस्तर नाड्यांनी बांधायचं करा, घामाचं तेवढंच धुता येतं, मखमल भिजवायची गरज नाही.

माप मात्र घोडीवरच घ्या, अंदाजाने नको. आणि कच्ची शिलाई झाल्यावर तिच्या अंगावर टाकून दोन पावलं चालवून बघा.

प्रश्न : लायक्रा वेल्वेटचा गाऊन शिवला, गळा ढगळ झाला आणि खालचा घेर एका बाजूला लोंबतोय.
– भुसावळ

उत्तर : ते विणलेलं नाही, होजिअरीसारखं गुंफलेलं असतं, वर लव असते एवढंच, त्यामुळे त्याचे लाड वेगळे. गोल टोकाची सुई मिळते, स्ट्रेचची, ११ नंबर, ती घ्या, साध्या सुईने टाके सुटतात. सरळ शिलाई नको, बारीक झिगझॅग किंवा ओव्हरलॉक. शोल्डरला आणि गळ्याला शिवतानाच सुती नाडीसारखी बारीक टेप धरून घ्या, मग ताणत नाही. आणि खालचा घेर दुमडायच्या आधी गाऊन एक अख्खी रात्र हँगरला टांगून ठेवा, जेवढं लोंबायचं तेवढं लोंबू द्या, सकाळी मग सारखं करून कापा. आता झालेला गळा आतून टेप लावून थोडा आवळता येईल.

प्रश्न : घरभर भुसा होतो, पोराला शिंका येतात, मशीन पण जाम झालं.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : कापून झालं की प्रत्येक तुकडा गच्चीवर नेऊन झटका आणि लगेच कडा ओव्हरलॉक करून घ्या, शिवायच्या आधीच. नाकाला रुमाल. कॉटनच्या वेल्वेटचा भुसा जास्त पडतो, पॉलिस्टरचा कमी. प्रत्येक कपड्यानंतर बॉबिन केस काढून दात्यांखालचा गोळा ब्रशने काढा आणि मगच तेल, आधी तेल घातलं तर त्या भुशाचं पीठ मळलं जातं.

प्रश्न : मुलाला कॉर्डरॉयची पँट शिवली, त्याला पण लवेचं बघावं लागतं का? आणि गुडघ्यावर टक्कल पडलंय.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : लागतं. कॉर्डरॉय म्हणजे पट्ट्यापट्ट्यांनी कापलेली मखमलच आहे, फक्त सुती. त्याला, टर्किशला, फरला, फ्लॅनेलला, स्वेडला, सगळ्या लववाल्या कापडांना दिशा असते. सॅटिनला लव नसते तरी चमक दिशेप्रमाणे बदलते, तिथे पण मी बाण काढते. पँटला लव खाली. दोन्ही पायांच्या धाऱ्या शिलाईवर जुळवा नाहीतर चालताना वाकड्या दिसतात. फर कापताना कात्री नको, उलट्या बाजूने ब्लेडने नुसती पाठ कापायची, म्हणजे केस लांब राहतात आणि जोड झाकला जातो. गुडघ्याचं टक्कल भरून येत नाही, पॅच लावा, पोरं आहेत.

प्रश्न : लेकीचं लग्न आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आहे. तिला वेल्वेटचाच ब्लाउज हवाय. शिवू का?
– एक आई, यावल

उत्तर : माय, आखाजीला आपल्याकडे पारा ४५पर्यंत जातो, झाडाखाली झोका घेताना पण घाम येतो आणि ही वेल्वेट घालून होमाजवळ बसणार. मी असते तर नाही म्हटलं असतं. पण लेकी ऐकत नाहीत, माझी पण नव्हती ऐकली. मग असं करा, वेल्वेट फक्त पुढे आणि पाठीला, बाह्या नेटच्या, पाठीचा गळा मोठा. अस्तर मलमलचं, क्रेपचं नको, घाम शोषला पाहिजे. काखेत सुटे पॅड टाचून द्या, कारण घाम लागलेली लव वाळल्यावर चिकट होऊन बसते आणि उठत नाही. गळ्याला आतून वेल्वेटची पट्टी लावू नका, जाड होते आणि टोचते, सॅटिनची लावा. काजं करू नका, हूक किंवा दोऱ्याचे लूप. आणि रिसेप्शन रात्री असेल तर वेल्वेट तेव्हा आणि सकाळच्या विधीला दुसरा काहीतरी, एवढं तरी मनवा तिला. लग्नानंतर घडी घालून पेटीत दाबू नका, आतून बाहेर उलटा करून हँगरला, वर जुनी सुती साडी.

प्रश्न : श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या चौरंगाचं मखमली आसन हळद-कुंकवाने भरलंय, धुऊ का?
– नंदुरबार

उत्तर : ओलं करू नका, कुंकू पसरेल. पूर्ण कोरडं होऊ द्या, उलटं धरून मागून छडीने हलकं झोडपा, मग मऊ ब्रश, लवेच्या दिशेनेच. तेलाचा डाग असेल तर त्याच्यावर मैदा टाकून रात्रभर ठेवा आणि झटका. तरी राहिलं तर ड्रायक्लीन. पुढच्या श्रावणात आसनावर एक पांढरा रुमाल अंथरा.

प्रश्न : वेल्वेटच्या ब्लाउजची शिलाई जास्त मागितली की बायका म्हणतात कापड तर आमचंच आहे, टाका तर तोच मारता. किती घ्यायची?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : मी दीडपट घेते, भरपूर काम असेल तर दुप्पट, आणि आधीच सांगते, माप घेतानाच. नंतर सांगितलं की भांडण. तुम्ही हिशोब त्यांना तासात सांगा, रुपयात नाही. साधा अस्तराचा ब्लाउज हात बसलेली बाई दोन-अडीच तासांत काढते. वेल्वेटला कापायलाच एक तास, कच्च्या शिलाईला दीड, एकदा फिटिंग, मग मशीन, मग हेमिंग सगळं हाताने, ते पण असं की टाका फक्त पाठीच्या कापडात अडकला पाहिजे, लवेत नाही. माझ्याकडे दुकानात एक अर्धवट कच्च्या शिलाईतला वेल्वेटचा मुंढा खुंटीला टांगलेला असतो नेहमी. कोणी टाका तर तोच म्हटलं की मी तो हातात देते, सुई देते आणि चहा टाकायला आत जाते. चहा होईपर्यंत बहुतेक जणी भाव कबूल करतात. एकीने मात्र खरंच बसून अख्खा मुंढा टाचून ठेवला होता, इतका सुंदर, की मी तिला दुसऱ्या दिवसापासून कामावरच ठेवलं.